पर्यायी वाहतुकीची सोय

अर्जदार संस्थेच्या प्रमुख पदाधिकाऱ्याविषयी माहिती. नाव: श्रीमती ट्वायला मे कटलिप. वय: त्रेसष्ट. हुद्दा: कार्यकारी संचालक, खजिनदार, वाहन विभाग प्रमुख व वाहनचालक. अधिनस्थ कर्मचारी: निरंक. मानधन: निरंक. प्रशासकीय अनुभव: कोलर्स फोर्क माध्यमिक शाळेच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षे, त्यात गैरहजर विद्यार्थ्यांच्या पालकांना फोन करणे व पालक खोटे बोलत असल्यास ते ओळखणे याचा समावेश. संस्थेचे उद्दिष्ट: हॅरो काउंटीतील मूत्रपिंडाच्या रुग्णांस आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस केंद्रात नेणे व परत आणणे. सेवाक्षेत्रात हेच काम करणाऱ्या अन्य संस्था: निरंक. सदर पदाधिकारी यांस लाभार्थींच्या गरजांची सखोल जाण आहे.

हे सगळं ट्वायलाने स्वतःच वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसून भरलं, कारण ती राहते त्या दरीत इंटरनेट येत नाही. खोटं ओळखण्याबद्दलचं कलम तिने आधी खोडलं होतं. पण पोर्टलने त्या रकान्यात अजून काही अक्षरं शिल्लक असल्याचं दाखवलं, आणि शिल्लक राहिलेलं काही वाया घालवायची तिला सवय नव्हती. शेवटचं वाक्य मात्र तिचं नव्हतं. ते फाउंडेशनने दिलेल्या नमुना अर्जातून जसंच्या तसं उतरवलेलं होतं.

संस्था कशी स्थापन झाली, हे अर्जात नव्हतं, कारण त्याला रकाना नव्हता. ट्वायलाचा नवरा डेन्झिल खाणीतून निवृत्त झाला तो मूत्रपिंडं निकामी करूनच. चार वर्षं मंगळवार, गुरुवार आणि शनिवार ती त्याला टर्की नॉबचा घाट ओलांडून बावन्न मैलांवर मिलब्रुकला नेत राहिली. मागची सीट रिकामी जाते म्हणून हळूहळू आणखी माणसं येऊ लागली. ही सगळी माणसं अशी, की सरकारी गाडी मिळावी इतकी त्यांची पेन्शन कमी नव्हती आणि स्वतःची सोय करता यावी इतकी जास्तही नव्हती. एका शुक्रवारी डेन्झिल वारला. शनिवारी सकाळी त्या मागच्या सीटवरचा होबर्ट स्कॅग्ज टोपी हातात धरून दारात उभा.

"वाईट झालं," तो म्हणाला. मग बराच वेळ टोपीची कड चाचपत राहिला. "आज आम्ही कसं जायचं, हे विचारायला मी आलेलो नाही."

ट्वायलाने किल्ली घेतली.

त्याला सहा वर्षं झाली. चर्चने जुनी व्हॅन दिली, वकिलाने फुकटात संस्था नोंदवून दिली, आणि या उन्हाळ्यात मेकॅनिकने व्हॅनखालून बाहेर येत सांगितलं की गिअरबॉक्स फार तर नाताळपर्यंत टिकेल. "कुठला नाताळ ते विचारू नकोस," असंही म्हणाला. व्हॅन गेली की सहा जणांचं डायलिसिस गेलं, आणि डायलिसिस गेलं की साधारण दहा दिवस. हा हिशेब गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ होता. त्याबद्दल कुणी बोलत नसे. गाडीत बोलणं व्हायचं ते खाण्यावर.

"काल मी एक टोमॅटो खाल्ला," होबर्ट म्हणायचा.

"अख्खा?" मागून आयसी लॅम्बर्ट विचारायची. आयसी सत्तरीची, एकटी, आणि बाकीच्यांच्या पथ्यावर तिची फार बारीक नजर.

"मीठ लावून."

"म्हणजे आज तुझं मशीन रडणार."

"रडू दे. तुझ्या डोळ्यांतून तर पाण्याचा थेंब निघत नाही."

"डॉक्टरांनी पाणी तोडलंय माझं. उधळायला कुठून आणू?"

आमच्या भागात मोठी देणगी म्हणजे थ्री रिजेस कम्युनिटी फाउंडेशन. पूर्वी कोळशात, लाकडात, मोटारींच्या दुकानांत पैसा केलेल्या घराण्यांनी आपापले निधी तिथे ठेवलेत. त्यांचं व्याज दर हेमंतात गावोगावच्या संस्थांना वाटलं जातं. फाउंडेशनने इच्छुकांसाठी कार्यशाळा घेतली. ट्वायला वही घेऊन पहिल्या रांगेत बसली. समोर कॉर्टनी बेन्स, फाउंडेशनची कार्यक्रम अधिकारी, वय एकोणतीस, बोलायला गोड. तिने फळ्यावर दोन रकाने आखले. गाडीच्या फेऱ्या म्हणजे काम, फलित नव्हे, असं तिने समजावलं. मग ट्वायलाला विचारलं, "तुमच्या सेवेचं फलित काय?"

"माणूस गुरुवारपर्यंत जगतो," ट्वायला म्हणाली.

"छान! आणि हे मोजता येईल अशा भाषेत कसं मांडाल?"

ट्वायलाने विचार केला. "मंगळवार ते गुरुवार. दोन दिवस."

कॉर्टनी हसली, पण तिने ते लिहून घेतलं. ती वाईट मुलगी नव्हती. या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही, त्यामुळे दोष द्यायची फार पंचाईत होते.

अर्ज पहिल्या चाळणीतून गेला आणि ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी समितीची पाहणी ठरली. कॉर्टनी आणि समितीचे एक सदस्य व्हॅनमधून मिलब्रुकपर्यंत येणार होते. सदस्य म्हणजे डॉक्टर ड्वाइट प्रॅथर, गावातले दातांचे डॉक्टर. सगळ्यांच्या ओळखीचे.

पाहुणे येणार म्हटल्यावर सहाही जणांनी जे केलं, ते आमच्याकडे कुणीही केलं असतं. आयसीने इस्टरची ठेवणीतली टोपी घातली. होबर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून आला. घाईत दाढी केल्याने हनुवटीवर कागदाचा कपटा चिकटवलेला. ट्वायलाने आदल्या दिवशी व्हॅन आतून-बाहेरून धुतली, सीटवरच्या फाटक्या जागांवर आपल्या घरच्या गोधड्या घातल्या आणि पाहुण्यांसाठी पेपरोनी रोलचा डबा घेतला. व्हॅन इतकी चांगली तिने सहा वर्षांत पाहिली नव्हती. गिअरबॉक्सही त्या दिवशी पाहुणे आल्यासारखा वागला. हूं की चूं नाही.

डॉक्टर प्रॅथरना घाटात मळमळतं म्हणून ते पुढे बसले. कॉर्टनी मागे, हातात टॅबलेट. तिच्या प्रश्नावलीत नववा प्रश्न होता. त्याला पंचवीस गुण होते. तिने तो प्रत्येकाला विचारला.

"ही गाडी नसती, तर तुम्ही केंद्रात कसे गेला असता?"

सुरुवात आयसीपासून झाली. "अगं पोरी, माझी नात आहे ना. तिच्याकडे गाडी आहे."

नातीकडे गाडी होती हे खरं. दोन वर्षं ती अंगणात विटांवर उभी होती. तिला चाकं नव्हती.

पुढच्याला भाचा निघाला. त्याच्या पुढचीला शेजारी. चौथ्याने सांगितलं की चर्चची माणसं फार चांगली आहेत, आणि पाचव्याने त्याला दुजोरा दिला. ट्वायला आरशातून एकेकाचा चेहरा बघत होती. अठ्ठावीस वर्षं फोनवर ऐकलेला तो सूर तिला चांगला ओळखीचा होता: पोरगं तापाने फणफणलंय म्हणणाऱ्या आईचा, जिच्या मागे तेच पोरगं खिदळताना ऐकू येतं. शाळेत असती तर तिने सरळ म्हटलं असतं, मिसेस अमुक, फोन त्याच्याकडे द्या. पण ही शाळा नव्हती. पाहुणी विचारत होती, आणि पाहुणीला आपलं कुणी नाही असं सांगायचं म्हणजे तिला बसायला मोडकी खुर्ची देण्यासारखं होतं.

होबर्टची पाळी आली. तो पाहत होता पुढे, डॉक्टर प्रॅथरच्या मानेकडे. डॉक्टरांचे वडील खाणीचे सुपरिंटेंडेंट होते. संपाच्या वर्षी त्यांनी होबर्टच्या बापाला कंपनीच्या घरातून काढलं. अंथरूण-पांघरूण, स्टोव्ह, पाळणा, सगळं रस्त्यावर. पाळण्यात होबर्ट होता.

"माझा मुलगा नेईल," होबर्ट म्हणाला. "रॉडनी."

आयसीने टोपी सारखी केली.

"अरे वा!" कॉर्टनी म्हणाली. "जवळच राहतात का रॉडनी?"

"वर टेकडीवर. चर्चच्या मागं."

चर्चच्या मागे दफनभूमी आहे. रॉडनी तिथे नऊ वर्षांपासून होता. एकतिसाव्या वर्षी नशेच्या गोळ्यांनी गेला. गावाने हृदयविकार म्हटलं, आणि अंत्यविधीच्या पत्रिकेवर ट्वायलाने स्वतः टंकलं होतं, 'अल्पशा आजाराने'. डॉक्टर प्रॅथरना हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांना होबर्टचे सगळे दात माहीत होते, मुलं माहीत नव्हती.

ट्वायलाला गाडी कडेला घेता आली असती. तिने तोंड उघडलंसुद्धा.

"पुढे वळण आहे," ती म्हणाली. "धरून बसा."

फाउंडेशनचं पत्र नोव्हेंबरात आलं. आपल्या लाभार्थींना लाभलेले भक्कम कौटुंबिक पाठबळ पाहून पाहणी पथक भारावून गेले. तथापि सर्व लाभार्थींकडे पर्यायी वाहतुकीची सोय उपलब्ध असल्याचे आढळून आल्याने, तातडीच्या निकडीच्या निकषावर आपला अर्ज या फेरीत पात्र ठरू शकला नाही. त्या फेरीत निधी मिळाला कोर्टासमोरच्या घड्याळाच्या दुरुस्तीला. घड्याळाला नातेवाईक नव्हते.

ट्वायलाने पत्र व्हॅनमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं.

"मग मी काय सांगायला हवं होतं?" आयसी उसळली. "की माझं कुणी बघत नाही?"

"चाकं नाहीत, एवढंच सांगायचं होतंस."

"ते तिने विचारलं का? गाडी आहे का विचारलं. चाकं आहेत का असं विचारलं असतं, तर सांगितलं असतं."

होबर्ट खिडकीबाहेर बघत होता. टोमॅटोबद्दल त्या दिवशी कुणी बोललं नाही.

ट्वायलाने फाउंडेशनला फोन केला. कॉर्टनीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मिसेस कटलिप, तुम्ही तिथल्या तिथे का नाही बोललात?"

"तुम्ही आमच्या पाहुण्या होतात," ट्वायला म्हणाली.

पत्राच्या शेवटी फेरविचाराची वाट दिली होती. चौदा दिवसांच्या आत यादीतल्या प्रत्येक लाभार्थीने नोटरीसमोर सही केलेलं निवेदन द्यायचं: माझ्याकडे वाहतुकीची अन्य सोय नाही, पाहणीच्या वेळी ज्या नातेवाइकाचा उल्लेख केला, तो ती का देऊ शकत नाही, याचं कारण दोन ओळींत. एकही निवेदन कमी पडलं, किंवा अचानक तपासणीत यादीबाहेरचं कुणी गाडीत दिसलं, तर अर्ज बाद. नोटरीचा शिक्का ट्वायलाकडेच होता, शाळेपासूनचा. पाच निवेदनं चार दिवसांत झाली. प्रत्येकाने सही करताना तिच्याकडे असं पाहिलं, जणू तीच त्यांच्याकडे काही मागायला आली होती. आयसीने कारणाच्या जागी लिहिलं, 'चाकं', आणि पेन आपटलं.

होबर्टकडे ती रविवारी दुपारी गेली. तो आपल्या ट्रेलर-घराच्या पायरीवर ऊन खात बसला होता. पावलं इतकी सुजलेली की बुटांच्या नाड्या सोडलेल्या.

"आलीस? बस. खायला देण्यासारखं आहे, पण ते मला चालत नाही, म्हणून मी विकत आणत नाही."

तिने कागद पुढे केला. त्याने चष्मा न लावताच वाचल्यासारखं केलं.

"दोन ओळी," तो म्हणाला.

"तीन शब्द लिही, होबर्ट. 'मुलगा हयात नाही.' बाकी मी बघते."

"हा कागद जाणार कुठं?"

"समितीकडे."

"म्हणजे प्रॅथरकडे."

"बाकीचेही आहेत."

"बाकीच्यांचं मला काय करायचंय? तो वाचणार. आणि त्याला कळणार, की म्हाताऱ्या स्कॅग्जने मेलेल्या पोराचं नाव घेऊन आपल्याला थाप मारली. का मारली, तेही कळेल. बापासारखाच हुशार आहे."

"कळलं तर कळलं. तुझं काय जातं?"

"तुला माहीत आहे काय जातं ते," होबर्ट म्हणाला. आवाज चढवला नाही. "यादीत सहा नावं, म्हणून सहा सह्या. बरोबर? माझं नाव काढ. पाचाला पाच."

"आणि तू?"

"माझा पिकअप ट्रक आहे."

"येताना तुला पायरी चढवायला दोन माणसं लागतात. ट्रक घाटातून कोण उतरवणार?"

"पहाटेची पाळी मागून घेतो. पहाटे रस्त्यावर कुणी नसतं. धडकायचंच झालं तर मोकळेपणाने धडकेन."

"यादीतून काढते वाटलं तर. पण मंगळवारी मुकाट्याने व्हॅनमध्ये बसायचं. कोण बघतंय?"

"ती पोरगी बघेल. न सांगता येऊन डोकी मोजणार आहे, पत्रात लिहिलंय, तूच वाचलंस. सहा दिसली, तर पाचही कागद बाद. आयसीला काय सांगशील?"

ट्वायला कागद मांडीवर ठेवून बसून राहिली. होबर्टची सही तिला येत होती. रॉडनीच्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्यांवर शेकडो वेळा पाहिली होती ती. रॉडनी स्वतः ती बापापेक्षा चांगली करायचा. शिक्का तिच्या पर्समध्ये होता. दोन मिनिटांचं काम. मग ते तीन शब्द प्रॅथरच्या टेबलावर जातील, आणि होबर्ट पुन्हा तिच्याशी कधी बोलणार नाही. पण जिवंत राहील. किंवा यादी पाचाची होईल.

तिने यादी पाचाची केली. सोमवारी सकाळी स्वतः पोस्टात टाकली. तिला कुणी भाग पाडलं नव्हतं.

डिसेंबरात मंजुरीचं पत्र आलं. नवी गाडी वसंतात मिळणार होती. जुनी तोवर कण्हत चालत राहिली. होबर्टच्या ट्रेलरसमोर ट्वायला दर खेपेला व्हॅन हळू करायची. ट्रक नसायचा. रविवारी चर्चमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, पहाटेची पाळी बरी आहे, नर्स देखणी आहे. जानेवारीत एका गुरुवारी कॉर्टनी खरंच न सांगता आली, पाच डोकी मोजली, पाच खुणा केल्या. "सगळं व्यवस्थित आहे," ती म्हणाली. त्या दिवशी घाटात बर्फ होतं, आणि कठड्याला एका जागी नवीनच पोचा पडलेला ट्वायलाने पाहिला. त्यावर होबर्टच्या ट्रकचा हिरवा रंग होता.

बारा दिवसांनी, मंगळवारी, तिने केंद्रातल्या नर्सला विचारलं, "आमचा होबर्ट कसा आहे पहाटेचा?"

"तुम्ही नात्यातल्या आहात का?"

"नाही."

"मग रुग्णाविषयी मला काही सांगता येत नाही," नर्स म्हणाली. नियम तसाच आहे. पण तिने मान खाली घातली, आणि हातातला कागद पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली. आणि खोटं बोलायचं टाळणारी माणसंही ट्वायला ओळखत असे.

पाच जणांना मशीनवर सोडून ती बावन्न मैल परत आली. ट्रक गावातच, पेट्रोल पंपाच्या मागे उभा होता, पुढचा दिवा फुटलेला. काउंटरवरच्या बाईने सांगितलं, म्हातारबुवा दहाबारा दिवस हा ट्रक हलवत नव्हते. मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटे कुणाच्या तरी गाडीतून इथे यायचे आणि व्हॅन गावाबाहेर पडेपर्यंत बसून परत घरी जायचे. कॉफी घ्यायचे, पण अर्धाच कप. जास्त पाणी चालत नाही म्हणायचे. गेल्या शनिवारपासून दिसले नाहीत.

ट्रेलरचं दार उघडंच होतं. होबर्ट आरामखुर्चीत होता, बूट घातलेले, नाड्या सोडलेल्या. ट्वायलाने टीव्ही बंद केला, शेरिफला फोन लावला, आणि तो येईपर्यंत दुसऱ्या खुर्चीत बसली. मग घड्याळ बघून उठली, कारण तीन वाजता पाच जणांच्या सुया निघणार होत्या आणि त्यांना आणायला दुसरं कुणी नव्हतं.

येताना व्हॅनमध्ये घाट उतरून झाल्यावर आयसी म्हणाली, "सापडला?"

"हं."

"त्याच्या दारापुढे हॉर्न वाजव म्हणाले होते मी," आयसी म्हणाली. ती तसं म्हणाली नव्हती. पण ट्वायलाने ते खोडून काढलं नाही.

एप्रिलमध्ये कोर्टासमोर नव्या गाडीची फीत कापली. डॉक्टर प्रॅथर भाषणात म्हणाले की या काउंटीची खरी संपत्ती म्हणजे एकमेकांना धरून असलेली कुटुंबं. पाच जण पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसले होते; आयसीने इस्टरची टोपी घातली होती. त्याच आठवड्यात ट्वायलाने वाचनालयात बसून अहवाल भरला. मंजूर लाभार्थी: पाच. प्रत्यक्ष लाभार्थी: पाच. उद्दिष्टपूर्ती: शंभर टक्के. यादीबाहेरील व्यक्तींस सेवा दिल्याची प्रकरणे: निरंक. निधीतून खरेदी केलेल्या वाहनाचा तपशील द्यावा.

गाडीत चौदा जागा आहेत.